डावी बाजू क्लिअर आहे

९ जानेवारी, सकाळ

संकल्प उशिरा लिहितोय, पण पक्के लिहितोय. यंदा शिकाऊ माणसावर ओरडायचं नाही. गिअर कितीही खरवडू दे, आवाज चढवायचा नाही. बीपीची गोळी रोज घ्यायची. आणि ड्रायव्हिंग स्कूलसाठी दुसरी गाडी. सध्या गाडी एक आणि शिकवणारे दोन: मी आणि बसवाल्या बाई. बाई पूर्वी शाळेची बस चालवायच्या. अजूनही छोटी गाडी अशी वळवतात, जणू मागे शाळा भरलीय.

१७ जानेवारी

दोघांवर ओरडलो. त्यांची लायकीच होती.

गोळी बंद केली आहे. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी आहे हे ठरवलं कोणी? मशीनने. मशीनवर माझा विश्वास नाही, पेट्रोलचा काटा मला रोज फसवतो. हिला सांगितलेलं नाही. ही वाचनालयात नोकरीला आहे, त्यामुळे कुठल्याही विषयावर हिच्याकडे एक पुस्तक असतंच.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज एक गंमत. चष्मेवाल्या बाईंना रिव्हर्स शिकवत होतो. अचानक डावा हात मेल्यासारखा. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ होतो तसा ओठ जड. मी ओरडलो "क्लच!", निघालं "लश". बाई हसल्या. चहा संपेपर्यंत सगळं आपोआप ठीक.

निदान: खिडकी उघडी, गार वारा, शिवाय रात्री हातावर झोपलो होतो. मेहुण्याला फोन केला. मेहुणा विमा विकतो, पण मोबाइलवर वाचून वाचून अर्धा डॉक्टर झालाय. तो म्हणाला, दाजी, मानेचा मणका. मला पटलं. ही मात्र आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला म्हणून मागे लागली. मी म्हणालो, गेलं ना आता? चोर पळून गेल्यावर पोलीस कशाला?

४ फेब्रुवारी, सकाळ

डावी चप्पल पायात राहत नाही. सैल झालीय. नवीन घ्यायला हवी. चहा कपाच्या एका कडेने गळतो. कप बदलायला हवा. या घरात एक वस्तू धड नाही.

ही म्हणते तोंड वाकडं दिसतंय. आरशात पाहिलं. आहे तसंच आहे. आधीही काही फार सरळ नव्हतं. ही फोनकडे धावली, मी अडवलं. जरा पडतो. उठल्यावर साडेदहाची बॅच.

२५ फेब्रुवारी, हॉस्पिटल

वही मागून घेतली. उजवा हात उत्तम चालतो. अक्षर पूर्वीइतकंच वाईट.

साडेदहाची बॅच झाली नाही. दुपारी पलंगावरून उठायला गेलो तो खालीच बसलो. हिने अँब्युलन्स बोलावली. मोठे डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. उजवीकडच्या बिघाडाने डावीकडचा दिवा जातो? असलं वायरिंग माझ्या गॅरेजवाल्याने केलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता.

डॉक्टरांनी विचारलं होतं, सुरू कधी झालं? ही म्हणाली, सकाळी चहा पिताना. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं, आता ती वेळ गेली. आणि परवाचा तो चहापुरता झटका म्हणजे धोक्याची घंटा होती, त्याच दिवशी यायला हवं होतं. ही खाली बघत राहिली. मी म्हणालो, चला, एक इंजेक्शन वाचलं. कोणी हसलं नाही.

माझं मत वेगळं आहे. डावी बाजू ठणठणीत आहे, फक्त दमलीय. थोडा आराम, की मी स्कूलमध्ये.

२७ फेब्रुवारी

इथे जेवण अर्धंच देतात. बटाटे संपवले, पाव संपवला, ताट रिकामं. शेजारच्या खाटेवरच्याला मात्र सूप आणि अंडंसुद्धा. असं डावं-उजवं मी कधी सहन केलेलं नाही. तक्रार केली. नर्स आली, ताट गोल फिरवून गेली. सूप आलं, अंडं आलं. म्हणजे लपवून ठेवतात आणि आवाज चढवला की देतात. माणसाने बोलायला हवं.

१ मार्च, पहाट

पांघरुणात कोणाचा तरी हात. गार, जड. नर्सला बोलावून सांगितलं, हा जो कोणी आहे त्याला हलवा. म्हणाली, काका, तुमचाच आहे, अंगठी बघा. अंगठी माझीच होती. प्रश्न असा, की ती त्याच्याकडे गेली कशी.

ही आली तेव्हा हिला विचारलं. हिने तो हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बराच वेळ चोळला. मला काही कळलं नाही. म्हणजे स्पर्श कळला नाही, असं नव्हे. हेतू कळला नाही.

५ मार्च

थेरपिस्ट नेमली आहे. वयाने मुलीसारखी, वागणुकीने हेडमास्तरीण. तेच नाव ठेवलंय. मला काका म्हणते. सगळं गाव मला सर म्हणतं.

तिने परीक्षा घेतली. कागदावर तारे छापलेले, सगळे खोडायचे. मी म्हणालो, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. (हेडमास्तरीण हसली. का, ते कळलं नाही.) सगळे खोडले. ती म्हणाली, अजून बघा. पाहिलं. नाहीत. मग तिने कागदाच्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि म्हणाली, पट्टी दिसेपर्यंत मान डावीकडे वळवा. वळवली. तिथे आणखी ढीगभर तारे. मी स्पष्ट सांगितलं, हे तुम्ही आत्ता काढलेत.

नंतर घड्याळ काढायला लावलं. उत्तम काढलं. बारापासून पुढचे आकडे सगळे एका बाजूला नीट रांगेत बसवले. तिने ते हिला दाखवलं. हिने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. कौतुक वाटलं असणार.

हेडमास्तरीण म्हणते, तुमचे डोळे चांगले आहेत काका, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. हात-पाय दुबळे असणं एक, आणि ते दुबळे आहेत हे न कळणं दुसरं. दुसरं जास्त अवघड. मी म्हणालो, असे पेशंट फार त्रास देत असतील तुम्हाला. ती म्हणाली, हो ना.

१४ मार्च, घर

डिस्चार्ज. पलंग बाहेरच्या खोलीत आणलाय, तोही असा, की दार आणि टीव्ही माझ्या डावीकडे. हेडमास्तरणीचा हुकूम: डावीकडे बघायची सवय लागली पाहिजे. सगळे डावीकडूनच येतात आणि डावीकडूनच बोलतात. भुतं बोलल्यासारखं वाटतं.

मेहुणा भेटायला आला. म्हणाला, दाजी, अर्धांग गेलं म्हणून काय झालं, अर्धांगिनी आहे ना! आणि स्वतःच खो खो हसला. उंटावरचा शहाणा. ही स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

नवे संकल्प. गोळ्या वेळच्या वेळी (ही समोर उभी राहते, त्यामुळे सोपं). व्यायाम दुप्पट. मे महिन्यात स्टिअरिंगवर.

२९ मार्च

व्हीलचेअर भिकार कंपनीची आहे.

ही आंघोळीला गेली होती. मी ठरवलं, बाथरूमपर्यंत नाही तरी खिडकीपर्यंत आपलं आपण जायचं. खुर्चीचा ब्रेक लावला. आयुष्यभर लोकांना सांगत आलोय, आधी हँडब्रेक, मग बाकी सगळं. लावला म्हणजे लावला. तरी उठताना खुर्ची गर्रकन फिरली आणि मी जमिनीवर. ही ओल्या केसांनी धावत आली. एकटीला उचलवेना. शेजाऱ्याला हाक मारावी लागली. तो आला, खुर्ची पाहिली आणि म्हणाला, सर, उजवा ब्रेक लागलाय, डावा मोकळाच आहे.

एका खुर्चीला दोन ब्रेक कशाला लागतात? हे म्हणाल्यावर ही पहिल्यांदाच चिडली. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शेजाऱ्यासमोर म्हणाली.

१२ एप्रिल

वॉकर घेऊन चालतो. चालतो म्हणजे खरंच चालतो. फक्त या घरात दारांच्या चौकटी डावीकडून बाहेर आल्या आहेत. आज तीनदा खांदा आपटला. सुताराला बोलवा म्हणालो.

दाढी केली. ही म्हणाली, दुसरा गाल राहिला. काही माणसांना दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

ही हल्ली बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवते. बाहेर येते तर केस कोरडे, कपडे कोरडे, डोळे लाल. विचारलं तर म्हणते साबण गेला. मग पाणी कशासाठी वाया घालवलं? या घरात शिस्त म्हणून नाही.

३० एप्रिल

डावा अंगठा हलला. हेडमास्तरणीने मधे आरसा उभा केला होता, उजवा हात हलवायचा आणि आरशात डावा हलतोय असं बघायचं. पोरखेळ. आठवड्यामागून आठवडे तेच. आज आरसा काढल्यावर अंगठा आपला आपण वर उठला. हेडमास्तरणीने टाळ्या वाजवल्या. हिने तोंडावर हात ठेवला.

मी म्हणालो, यात काय, हलत होताच. मी हलवत नव्हतो.

अंगठा हलला याचा अर्थ गिअर. गिअर याचा अर्थ स्कूल. मेहुण्याला फोन केला. त्याची नवी गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लचची कटकटच नाही. सहकार्याचं आश्वासन मिळालं आहे.

१० मे, दुपार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

ही कामावर गेल्यावर मेहुणा आला. बंद पडलेल्या कारखान्यामागचं मोकळं मैदान. माणूस नाही, काणूस नाही. मी स्टिअरिंगवर. बसल्याबरोबर वाटलं, आता सगळं जागेवर आलं. सुरुवात झोकात. मेहुणा म्हणाला, दाजी, थोडं उजवीकडे घ्या. मी म्हणालो, तू मला शिकवणार? मग तो किंचाळला. मग आवाज झाला.

मैदानाच्या कडेला सिमेंटचे खांब आहेत. मी बसलो तेव्हा नव्हते. गाडीचा डावा आरसा गेला, पुढचं दार गेलं, मागचं दार गेलं. मेहुण्याने स्टिअरिंग ओढलं नसतं तर आणखी एक खांब होता. तिथे, म्हणे, एक बाई बकरी बांधत होती. मला बाई दिसली नाही. बकरीही नाही.

मेहुणा उतरून जमिनीवर बसला. अख्खी बाटली पाणी प्यायला आणि मोडलेलं दार हाताने चाचपत राहिला.

११ मे

हिला कळलं. ओरडेल असं वाटलं होतं, तयारीत होतो. ओरडली नाही. विचारलं, ती बाई किती लांब होती? मी म्हणालो, मला काय माहीत, मला दिसलीच नाही. ही म्हणाली, हेच विचारत होते.

६ जून

मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी. एका यंत्रात डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं. कधी कधी ठिपकेच येईनात, तेव्हा यंत्र बिघडलं असणार असं समजून शांत बसलो. मग चालवलं, वळवलं, एकदम दोन्ही बाजूंनी बोटं हलवून दाखवली.

निकाल: पायात खूप सुधारणा. हातात बरी. दखल घेण्यात थोडी. गाडी चालवायची नाही. मी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, पण खोटी आशा देत नाही. मी म्हणालो, मी अर्ध्या शहराला गाडी शिकवली आहे. ते म्हणाले, म्हणून तर तुम्हाला जास्त कळायला हवं.

७ जून

ताट दोन्ही वेळा परत पाठवलं.

९ जून

हेडमास्तरीण आली. मी सांगितलं, व्यायाम बंद. कशासाठी करायचा? खिडकीपर्यंत जायला? ती म्हणाली, काका, राग येणं हेही याच आजारात मोडतं. म्हणजे आता रागसुद्धा माझा नाही! तिला जा म्हणालो. ती गेली नाही. खुर्चीत बसून राहिली. तासभर. जाताना म्हणाली, परवा येते. पालथ्या घड्यावर पाणी. पण चिकाटी आहे पोरीची.

३ जुलै

व्यायाम चालू केला. हेडमास्तरणीच्या समाधानासाठी. आता टॅक्सीने तिच्या सेंटरवर जावं लागतं.

ही हल्ली रोज संध्याकाळी फिरायला जाते. येते तेव्हा कपाळावर घाम, चेहरा तापलेला. पण बारीक होत नाही. मी सुचवलं, जोरात चाल. म्हणाली, आज बऱ्यापैकी जोरात गेले.

स्कूल बसवाल्या बाई एकट्या बघतात. शिकणारे वाढलेत, म्हणे. ओरडायला कोणी नाही, म्हणून मजेत येत असतील.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

कट. सरळ सरळ कट.

हिने जेवताना टेबलावर लायसन्स ठेवलं. हिचं. स्वतःचं. फिरायला नव्हे, बसवाल्या बाईंकडे शिकायला जात होती. माझ्याच स्कूलमध्ये, माझ्याच गाडीवर! लग्नानंतर मी स्वतः हिला शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी फाटकाला धडकली. मी मोजकंच बोललो होतो. तेव्हाच निदान केलं होतं, हिला गाडी येणं शक्य नाही. इतक्या अनुभवी शिक्षकाकडे आली नाही, ती बसवाल्या बाईंकडे काय येणार?

म्हणाली, आता थेरपीला टॅक्सी नको. स्कूलला बाईंनी दुसरी गाडी आणलीय, जुनी आता आपल्याला.

२० ऑगस्ट

अट घातली. मी शिक्षकाच्याच जागी बसणार. स्कूलच्या गाडीत डावीकडच्या सीटलाही क्लच आणि ब्रेक असतो, शिकाऊ माणूस घाबरला तर शिक्षकाने सांभाळायचं. ही लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं वाद घालेल. चूक कळली असावी.

२४ ऑगस्ट

पहिली फेरी. माझा उजवा पाय कायम ब्रेकवर. बरं झालं होता, नाहीतर अनर्थ. प्रत्येक सिग्नलला मी दाबला, गाडी थांबली. ही उगाच स्टिअरिंग घट्ट धरून, जीभ दातात. तिला वाटतं तीच चालवतेय. वाटू दे. शिकाऊ माणसाचा आत्मविश्वास मोडायचा नसतो, हे मी आता शिकलोय.

पेडल लोण्यासारखं मऊ झालंय. बसवाल्या बाईंनी तेलपाणी केलेलं दिसतं. एक गोष्ट तरी नीट केली.

१२ सप्टेंबर

आज एक जीव वाचवला.

चौकात गाडी एकदम गच्चकन थांबली. बघतो तर बॉनेटसमोरून एक सायकलवाला निघून गेला. हातभर अंतर असेल. इंजिन बंद पडलं होतं, हिने दोनदा किल्ली फिरवून चालू केलं. माझ्या पायाने काम केलं होतं. मला विचार करावा लागला नाही, इतक्या वर्षांचं अंगवळण. मला तो दिसायच्या आधी पायाला दिसला!

थेरपीत हेडमास्तरणीला सगळं रंगवून सांगितलं. म्हणालो, ज्या माणसाला डावीकडची दखल नाही म्हणता, त्याने आज ब्रेक मारला. ती म्हणाली, वा काका. मग हिच्याकडे बघितलं. ही पाणी पीत होती.

डॉक्टरांना पत्र लिहायचा विचार आहे. सहा महिने थांबायची गरज नाही.

१८ सप्टेंबर, दुपार

गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. आणायला दोघं गेलो. ही आत बिल बघत होती. गॅरेजवाला माझ्याजवळ आला. म्हणाला, सर, तुमच्या बाजूच्या ब्रेकची केबल पुन्हा जोडून देऊ का? आता बरेच सुधारलात.

मी म्हणालो, पुन्हा म्हणजे?

म्हणाला, मॅडमनी लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात काढून घेतली ना. पेडल तसंच ठेव, फक्त जोड सोडव, म्हणाल्या.

मी म्हणालो, हो हो, माहीत आहे. राहू दे.

गाडीत बसलो. उजव्या पायाने पेडल दाबून पाहिलं, लोण्यासारखंच मऊ. मग विचारलं. ही म्हणाली, अहो, तुम्ही नको तिथे ब्रेक मारला असता तर मागचा येऊन आदळला असता. आणि मागच्या सीटवर बसा म्हटलं असतं तर तुम्ही घराबाहेरच पडला नसता. थेरपी बंद झाली असती.

खरं आहे. पडलो नसतो.

मग मी विचारलं, आणि तो सायकलवाला?

ती म्हणाली, तो डावीकडून आला होता हो.

हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. मी शिकवताना ज्या आवाजात बोलायचो त्या आवाजात तर नाहीच.

मी म्हणालो, बरं थांबवलंस. आणखी काय म्हणणार? ती म्हणाली, खूप घाबरले होते. मला हे त्या दिवशी कळलं नव्हतं. मी माझ्याच पायाचं कौतुक करत होतो.

ती किल्ली लावून थांबली. म्हणाली, पट्टा लावा. हात फिरवला, पट्टा सापडेना. म्हणालो, गॅरेजवाल्याने काढला वाटतं. ती म्हणाली, डावीकडे आहे, बघा. बघतोच आहे, म्हणालो.

अजून डावीकडे, ती म्हणाली.